जोडीदारासोबत घर घेताय? नाव, कर्ज आणि पैसे यांचा मेळ आधी घाला

फ्लॅट बघायला निघालेली जोडपी कार्पेट एरिया विचारतात, पार्किंग विचारतात, उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात का हेही विचारतात. यातलं माझं किती आणि तुझं किती, हा प्रश्न मात्र टोकन देऊन परत येईपर्यंत कुणी काढत नाही. काढला तर अविश्वास दाखवल्यासारखं होतं, म्हणून ‘आपलंच आहे की’ असं म्हणून विषय मिटतो.

हा लेख पहिल्यांदा घर घेणाऱ्या जोडप्यांसाठी आहे. लग्न झालेल्या, ठरलेल्या आणि लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्याही. नियम आणि आकडे मुख्यतः महाराष्ट्रातले. माझं म्हणणं एवढंच आहे की घर कोणाच्या नावावर, कर्ज कोणाच्या डोक्यावर आणि पैसे कोणाच्या खात्यातून, या तीन ठिकाणी तीच दोन नावं साधारण त्याच प्रमाणात असली पाहिजेत. नुकसान होतं ते या तिन्हींचा मेळ नसला की.

हिशेबासाठी एक कल्पित जोडपं धरू. स्नेहा आणि निखिल, दोघंही हिंजवडीत नोकरीला. वाकडमध्ये रीसेलचा टू बीएचके बघितलाय, किंमत ८० लाख. पुण्यात मुद्रांक शुल्क अधिभारांसह ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी फी ३० हजार. कर्ज ६० लाख. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं आणि मुद्रांक शुल्क त्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे दोघांनी मिळून खिशातून २५ लाख ९० हजार काढायचे. ब्रोकर, वकील आणि सोसायटीची ट्रान्सफर फी वेगळी. या व्यवहारात निखिल १६ लाख घालतो आणि स्नेहा ९ लाख ९० हजार.

पायरी १ : कायद्याच्या लेखी तुम्ही एकमेकांचे कोण?

घराआधी हे बघायचं, कारण पुढचे सगळे नियम यावर फिरतात.

लग्न झालेलं असेल तर बऱ्याच गोष्टी सोप्या आहेत. नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला दिलेल्या पैशांवर घेणाऱ्याला कर नाही. एकाने ज्ञात उत्पन्नातून पैसे भरून जोडीदाराच्या नावावर घर घेतलं तर तो बेनामी व्यवहार ठरत नाही. कायद्यातच तशी सूट आहे. पुढे राहतं घर एकमेकांच्या नावावर करायचं झालं तर महाराष्ट्रात बक्षीसपत्राचं (मालकी भेट देण्याच्या कागदाचं) मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये आहे. शहरातले स्थानिक अधिभार वरून लागू शकतात, ते दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या.

साखरपुडा झालाय आणि लग्न डिसेंबरात आहे, अशा जोडप्यांचा इथे गोंधळ होतो. लग्न लागेपर्यंत कायद्याच्या लेखी तुम्ही एकमेकांचे कुणीच नाही. वर्षभरात ५० हजारांपेक्षा जास्त रक्कम ‘नातेवाईक’ नसलेल्या माणसाकडून फुकट मिळाली की ती पूर्ण रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते, आणि भावी नवरा किंवा बायको या व्याख्येत बसत नाही. लग्नानिमित्त मिळालेल्या भेटीला सूट आहे खरी, पण लग्नाच्या आठ महिने आधी बिल्डरला भरलेला हप्ता ही लग्नाची भेट होती, हे आयकर अधिकाऱ्याला पटवत बसण्यात अर्थ नाही. लग्न दोन-तीन महिन्यांवर असेल आणि फ्लॅट हातचा जात नसेल, तर टोकन देऊन ठेवा आणि अॅग्रीमेंटची नोंदणी लग्नाची नोंदणी झाल्यावर करा, असं मी सांगेन.

लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांना कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खाली थोडं संरक्षण आहे. नातं ‘लग्नासारखं’ असेल तर स्त्रीला राहत्या घरातून हुसकून लावता येत नाही. असं नातं कशाला म्हणायचं याच्या कसोट्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली घालून दिल्या. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे, आणि वारसाहक्क तर नाहीच. समलिंगी जोडप्यांच्या लग्नाला २०२३ च्या निकालात मान्यता मिळाली नाही, त्यामुळे त्यांनाही मालमत्तेच्या बाबतीत दोन परक्या व्यक्तींसारखंच चालावं लागतं. या दोन्ही गटांनी एकाने पैसे भरायचे आणि नाव फक्त दुसऱ्याचं लावायचं, हा प्रकार पूर्ण टाळावा. पती-पत्नींना असलेली बेनामी कायद्यातली सूट इथे नाही आणि बेनामी ठरलेली मालमत्ता सरकारजमा होऊ शकते.

पायरी २ : एकमेकांची देणी बघून घ्या

पगार सगळ्यांना माहीत असतो, देणी माहीत नसतात. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. दोघांनी आपापला काढा आणि शेजारी बसून वाचा. चुलतभावाच्या गाडीच्या कर्जाला जामीन राहिलेलं, मोबाइल अॅपवरून घेतलेलं छोटं कर्ज, क्रेडिट कार्डाची थकबाकी, सगळं त्यात दिसतं. जोडीदाराचा स्वतःचा धंदा असेल तर धंद्याच्या कर्जाला कुठे वैयक्तिक हमी दिली आहे का, ते स्वतंत्रपणे विचारा.

आईवडिलांकडून येणारे पैसे हा वेगळाच विषय आहे. निखिलच्या वडिलांनी गावाकडची जमीन विकून १० लाख दिले. ते निखिलला दिले, दोघांना दिले की परत घेण्याच्या बोलीवर दिले? लग्नघरात हे कुणी बोलत नाही, आणि दहा वर्षांनी सासरे ‘ते माझे पैसे होते’ म्हणतात तेव्हा सगळेच बोलतात. पैसे बँकेतून घ्या आणि ते भेट आहेत की उसने, हे चार ओळींच्या पत्रावर त्यांच्या सहीने लिहून घ्या.

पायरी ३ : अॅग्रीमेंटमध्ये नाव आणि हिस्सा

दोन नावं टाकली म्हणजे निम्मं-निम्मं झालं, असं आपण धरून चालतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चं कलम ४५ तसं म्हणत नाही. हिस्से लिहिलेले नसतील तर ज्याने जितके पैसे घातले त्या प्रमाणात त्याचा हिस्सा. पैसे दोघांच्या सामाईक फंडातून गेले असतील तर त्या फंडात ज्याचा जितका वाटा, तितका. आणि कुणी किती घातले याचा पुरावाच नसेल, तरच हिस्से समान धरायचे. म्हणजे वाद कोर्टात गेला की सगळी लढाई बँक स्टेटमेंटवर होणार.

यावर उपाय एका वाक्याचा आहे. नोंदणी होणाऱ्या अॅग्रीमेंटमध्येच ‘खरेदी घेणार क्र. १ यांचा हिस्सा ५० टक्के आणि क्र. २ यांचा हिस्सा ५० टक्के’ असं लिहून घ्या. ६०-४० ठरलं असेल तर तसं. बिल्डरचा छापील मसुदा असला तरी खरेदीदारांच्या आपसातल्या हिश्श्याबद्दल त्याला काही देणंघेणं नसतं, त्यामुळे सांगितलं तर तो घालतो. नोंदणीच्या दिवशी अंगठे देण्याआधी मसुदा एकदा वाचायचा. तिथली घाई तुमची नसते, एजंटची असते.

महाराष्ट्रात इथे एक मोहही असतो. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. स्नेहा-निखिलच्या घरावर तिचे ८० हजार होतात. १५ वर्षं पुरुषाला विकता येणार नाही ही जुनी अट २०२३ मध्ये काढून टाकल्यापासून एजंट हा सल्ला सर्रास देतात. पण सवलत हवी तर पुरुषाचं नाव सहमालक म्हणूनही चालत नाही. मग निखिल ६० लाखांच्या कर्जाचा सहकर्जदार होणार, १६ लाख रोख घालणार आणि कागदावर एका चौरस फुटाचाही मालक नसणार. पुढे भाडं आलं तर त्याने घातलेल्या पैशांपुरतं ते त्याच्याच उत्पन्नात धरलं जाऊ शकतं. दोघांनी समजून-उमजून घर तिच्या नावावर ठेवायचं ठरवलं असेल तर खुशाल ठेवा. पुष्कळ घरांत त्याची गरजही असते. केवळ ८० हजार वाचवायला म्हणून करू नका.

उलटा प्रकार जास्त दिसतो. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर आणि सुनेची पगारपत्रकं कर्जाची पात्रता वाढवायला जोडलेली. बँका बहुधा प्रत्येक सहमालकाला सहकर्जदार व्हायला लावतात, पण प्रत्येक सहकर्जदार मालक असलाच पाहिजे असं मात्र नाही. अॅग्रीमेंटमध्ये नाव नसताना कर्जाच्या कागदावर सही मागितली, तर ती करू नका. या लेखातला एवढा एकच सल्ला मी बिनशर्त देतो.

टीडीएस विसरू नका. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का कापून सरकारजमा करायचा असतो. दोन खरेदीदार असतील तर दोघांनी आपापल्या हिश्श्याचा आपापल्या पॅनवर भरायचा. सगळा एकाच्याच पॅनवर भरला तर दुसऱ्याला नोटीस येऊ शकते.

आणि ‘दोघांनाही टॅक्स बेनिफिट’ हे वाक्य ऐकलंत की आधी स्वतःची करप्रणाली बघा. राहत्या घराच्या व्याजावर प्रत्येकी २ लाखांपर्यंत आणि मुद्दलावर दीड लाखाच्या मर्यादेत मिळणारी वजावट जुन्या करप्रणालीत आहे. नव्या प्रणालीत राहत्या घराला ती नाही. जुन्या प्रणालीतही वजावट मिळायला माणूस मालकही हवा आणि कर्जदारही.

पायरी ४ : कर्ज अर्धं-अर्धं नसतं

सहकर्जदार म्हणजे ३० लाख तुझे, ३० लाख माझे, असं नाही. बँकेच्या लेखी दोघंही पूर्ण ६० लाखांचे देणेकरी. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ४३ प्रमाणे बँक कुणाही एकाकडून सगळी रक्कम मागू शकते. ज्याने भरली त्याने मग दुसऱ्याकडून त्याचा वाटा वसूल करावा, आणि वेगळं काही ठरलं नसेल तर तो वाटा समान धरला जातो. वसूल करावा म्हणजे दावा लावावा.

हप्ता चुकला तर दोघांचाही क्रेडिट स्कोअर पडतो, मग चूक कुणाचीही असो. ९० दिवस थकलं की खातं एनपीए म्हणजे थकीत-बुडीत वर्गात, त्यानंतर सरफेसी कायद्याखाली (बँकेला कोर्टात न जाता वसुली करू देणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस, आणि मग बँक घराचा ताबा घेण्याची कारवाई सुरू करू शकते. शिवाय उद्या स्नेहाला स्वतःसाठी दुसरं कर्ज हवं असेल, तर तिच्या डोक्यावर हा हप्ता बहुधा पूर्णच मोजला जाईल.

म्हणून कर्ज घेण्याआधी एक चाचणी करून बघा. एकाचा पगार थांबला तर दुसऱ्याच्या पगारातून आणि हाताशी असलेल्या ठेवीतून सहा महिने हप्ता निघतो का? आयटीत दोघंही एकाच कंपनीत असतील तर ही चाचणी जास्तच गरजेची. निघत नसेल तर घर लहान घ्या. बँक जितकं देते तितकं घेतलंच पाहिजे असं कुठे आहे?

पायरी ५ : हप्ता कोणाच्या खात्यातून जातो

वरवर साधी दिसणारी ही पायरी खरी महागाची आहे.

६० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं. हप्ता सुमारे ५२ हजार ७० रुपये. निखिलचा पगार ज्या बँकेत, तिथेच कर्ज, म्हणून हप्ता त्याच्या खात्यातून कापला जातो. स्नेहा म्हणते, ‘हप्ता तू भर, घरखर्च मी बघते.’ किराणा, दूध, वीज, कामवाल्या मावशी, मुलीची शाळा, सासूबाईंची औषधं. महिन्याला सहज ४० हजार. दोघांनाही वाटणी न्याय्य वाटते, आणि ती आहेही.

पाच वर्षं जातात. निखिलच्या खात्यातून ३१ लाख २४ हजार गेले. त्यातलं मुद्दल फिटलं फक्त ७ लाख १२ हजार. बाकी सगळं व्याज. कर्ज अजून ५२ लाख ८८ हजार शिल्लक. आता दोघांचं पटेनासं झालं आणि फ्लॅट ९० लाखांना विकला. कर्ज फेडून हातात उरले ३७ लाख १२ हजार. अॅग्रीमेंटमध्ये दोन नावं आहेत, हिस्से लिहिलेले नाहीत.

निखिलचा वकील म्हणणार, माझ्या अशिलाने १६ लाख अधिक ३१ लाख २४ हजार भरले, समोरच्यांनी फक्त ९ लाख ९० हजार. सबब आमचा हिस्सा जवळजवळ ८३ टक्के. या हिशेबाने स्नेहाच्या हाती येतात सुमारे साडेसहा लाख, म्हणजे तिने सुरुवातीला घातलेल्या पैशांपेक्षाही कमी. स्नेहा म्हणणार, निम्मं माझं, म्हणजे साडेअठरा लाख. पाच वर्षांत तिने घरात घातलेले २४ लाख किराणावाल्याच्या, शाळेच्या आणि मेडिकलच्या यूपीआय नोंदींत विखुरले आहेत आणि त्यांचा घराशी संबंध तिला सिद्ध करावा लागणार आहे. कोर्ट काय ठरवेल ते प्रकरणाप्रमाणे ठरेल. पण १२ लाखांच्या फरकावर दोन वकील वर्षानुवर्षं पोसले जातील, हे नक्की.

हे टाळायला घरासाठी एक वेगळं संयुक्त खातं उघडा. दर महिन्याच्या २ तारखेला दोघांच्या पगार खात्यांतून ठरलेली रक्कम त्यात जाऊ द्या आणि हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, प्रॉपर्टी टॅक्स तिथूनच कापला जाऊ द्या. घरखर्चासाठी तसंच दुसरं खातं. पगार कमी-जास्त असतील तर रक्कम पगाराच्या प्रमाणात ठेवा. डाउन पेमेंटही शक्यतो याच खात्यातून विकणाऱ्याकडे जावं. रोखीत काहीही देऊ नका. दिलेली रोख रक्कम भांडणात कुणाचीच नसते.

मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोबवर एकीने पर्सनल लोन काढून ६ लाख घातले, असंही होतं. लाकूडकामाची किंमत दरवर्षी उतरते आणि मालकी हक्काच्या हिशेबात ते बहुधा येतच नाही. म्हणून तो खर्चसुद्धा दोघांच्या खात्यातूनच करा.

एकीने किंवा एकाने नोकरी सोडून मूल सांभाळायचं ठरवलं, तर त्या काळात तिच्याकडून खात्यात काही येणार नाही. हिस्सा अॅग्रीमेंटमध्ये लिहिलेला असेल तर तिची बाजू बरीच भक्कम राहते. पायरी ३ मधल्या त्या एका वाक्यावर मी एवढा अडून बसलोय तो यासाठी.

पायरी ६ : आपसातलं लिहून ठेवा

लग्न न झालेल्यांनी हे केलंच पाहिजे, लग्न झालेल्यांनी केलं तर बरं. वकिलाकडून साधा करार करून घ्या. कोणी किती घातले आणि पुढे किती घालणार, हप्ता एकाने थकवला आणि दुसऱ्याने भरला तर त्याची नोंद कशी, घरात कोण राहणार आणि बाहेर पडलेल्याला भाडं मिळणार का, एवढं त्यात यावं. सगळ्यात महत्त्वाचं कलम बाहेर पडण्याचं. एकाला निघायचं असेल तर दुसऱ्याला आधी विकत घेण्याची संधी, किंमत दोन नोंदणीकृत व्हॅल्युअरच्या सरासरीने, ९० दिवसांत पैसे उभे झाले नाहीत तर घर बाजारात. असं कलम प्रेमात असताना दहा मिनिटांत ठरतं, भांडणात दहा वर्षांत ठरत नाही.

ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात अशा कागदांना किमान ५०० रुपयांचा स्टॅम्प लागतो. नोटरी केली म्हणजे नोंदणी झाली, असं समजू नका. मालकीचे हिस्से बदलणारा कागद दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. म्हणून हिस्से अॅग्रीमेंटमध्ये आणि बाकीचे व्यवहार या करारात, अशी विभागणी सोयीची.

पायरी ७ : दोघांतला एक गेला तर

बँकेच्या खात्याला ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ अशी सोय असते. घराला ती आपोआप नसते. निखिल मृत्युपत्र न करता गेला तर त्याचा निम्मा हिस्सा सरसकट स्नेहाला मिळत नाही. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे तो बायको, मूल आणि निखिलची आई यांच्यात समान वाटला जातो. म्हणजे घरात सासूबाईंचा सहावा हिस्सा आणि अज्ञान मुलीचाही सहावा हिस्सा. तो फ्लॅट विकायचा झाला तर मुलीच्या हिश्श्यासाठी कोर्टाची परवानगी लागते. कर्ज मात्र सगळं स्नेहाच्या डोक्यावर.

हिंदू स्त्रीच्या बाबतीत अजून एक गोष्ट माहीत हवी. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिच्या स्वतःच्या कमाईच्या घरावर पहिला हक्क नवऱ्याच्या वारसांचा येतो. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यांच्यानंतर. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांत तर गेलेल्याचा हिस्सा त्याच्या घरच्या वारसांकडे जातो आणि मागे राहिलेला जोडीदार कालपर्यंत ज्यांनी फोनही उचलला नव्हता त्यांच्यासोबत सहमालक होतो.

तेव्हा घराचा ताबा घेतल्यावर वास्तुशांतीच्या आसपासच दोघांनी आपापलं मृत्युपत्र करून टाका. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घ्या.

सोसायटीतलं नॉमिनेशन हा मृत्युपत्राला पर्याय नाही. नॉमिनी हा वारसांच्या वतीने मालमत्ता सांभाळणारा असतो. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली हेच सांगितलं. तसंच सोसायटीने ‘सहयोगी सभासद’ करून घेतलं म्हणजे मालकी मिळाली असं नाही. तो मीटिंगला बसू शकतो, घर त्याचं होत नाही.

विम्याचा हिशेब अर्ध्या कर्जाचा करू नका. दोघांनीही पूर्ण ६० लाखांइतका तरी टर्म इन्शुरन्स घ्यावा. बँकेने कर्जासोबत गळ्यात मारलेली पॉलिसी असेल तर ती कोणाच्या जिवावर आहे ते वाचा. पुष्कळदा फक्त पहिल्या अर्जदाराच्या असते. नवऱ्याने पॉलिसी विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली घेतली तर ते पैसे सावकारांना हात लावू न देता बायको-मुलांनाच मिळतात. धंदेवाईक कर्ज असलेल्यांनी हे जरूर करावं. विम्यात पती, पत्नी, मुलं आणि आईवडील नॉमिनी असले तर रक्कम त्यांच्याच मालकीची होते. लग्नाशिवायचा जोडीदार त्यात येत नाही, म्हणून त्यांनी पॉलिसीचा उल्लेख मृत्युपत्रातही करावा.

पायरी ८ : वेगळं व्हायची वेळ आली तर

पहिलं काम, हप्ता थांबवू नका. भांडण तुमचं आहे, बँकेला त्याच्याशी घेणं नाही. दुसरं, सहमालकाला घराबाहेर काढून कुलूप बदलू नका, आणि स्वतःही सगळी मूळ कागदपत्रं तिथे सोडून निघू नका. अॅग्रीमेंट, इंडेक्स टू (नोंदणीचा सरकारी उतारा), कर्जाचं मंजुरीपत्र आणि सगळी स्टेटमेंट यांच्या प्रती दोघांकडे असाव्यात.

मग मार्ग तीनच: विकून पैसे वाटून घेणं, एकाने दुसऱ्याचा हिस्सा घेणं, किंवा काही वर्षं भाड्याने देऊन थांबणं. तिसऱ्याला शांत डोक्याची माणसं लागतात. काहीच जमलं नाही तर वाटणीचा दावा. पती-पत्नी असतील तर कौटुंबिक न्यायालयात, लग्न नसेल तर दिवाणी न्यायालयात. टू बीएचकेच्या मधोमध भिंत घालता येत नाही, त्यामुळे वाटणी कायदा १८९३ प्रमाणे कोर्ट विक्रीचा हुकूम देऊ शकतं, आणि तशा विक्रीत बाजारभाव मिळण्याची आशा कमीच.

एकाने हिस्सा सोडायचा ठरलं तर कागदांचा क्रम सांभाळा. निखिल घर ठेवतोय आणि स्नेहा बाहेर पडतेय. तिने हक्कसोडपत्रावर किंवा बक्षीसपत्रावर आज सही केली आणि कर्जातून नाव निघालंच नाही, तर मालकी गेली पण ५२ लाख ८८ हजारांचं देणं तसंच राहिलं. आधी बँकेकडून तिला कर्जमुक्त केल्याचं लेखी पत्र, त्याच दिवशी पैसे तिच्या खात्यात, आणि मग सही. बँक मात्र निखिलचा एकट्याचा पगार तपासणार. हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण निम्म्यापर्यंत हप्ते धरले तर त्याला लाखाच्या वर पगार हवा. नसेल तर घर ठेवण्याचा हट्ट कुणाच्याच फायद्याचा नाही.

२०० रुपयांचं बक्षीसपत्र पती-पत्नी असेपर्यंतच. घटस्फोटाचा हुकूम झाला की तुम्ही एकमेकांचे नातेवाईक राहत नाही आणि हिश्श्याच्या किमतीवर खरेदीखतासारखं मुद्रांक शुल्क बसू शकतं. तेव्हा परस्परसंमतीने वेगळे होत असाल तर घराचा कागद हुकुमाआधी करता येतो का, हे वकिलाला नक्की विचारा. लग्न नसलेल्यांना ही सवलत नाहीच.

विकलं तर नफ्यावरचा कर ज्याचा त्याने आपापल्या हिश्श्याप्रमाणे भरायचा. दोन वर्षांच्या आत विकलं तर नफा उत्पन्नात मिळून स्लॅबप्रमाणे कर, त्यानंतर साडेबारा टक्के. मुद्दलावर जुन्या प्रणालीत वजावट घेतली असेल आणि ताबा घेतलेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत घर विकलं, तर ती वजावटही उत्पन्नात परत धरली जाते.

गोव्यातले आणि परदेशातले वाचक

गोव्यात लग्नाचा कायदाच वेगळा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. घर एकाच्या नावावर घेतलं तरी निम्मं दुसऱ्याचं, आणि विकताना दोघांची सही. उर्वरित भारतात लग्नाआधीचा मालमत्ता करार कोर्टात टिकेलच याचा भरवसा नाही. गोव्यात तो कायद्यानेच मान्य आहे, पण लग्नाआधीच करावा लागतो. गोव्याचं अधिवास असलेल्या व्यक्तीने गोव्याबाहेर घेतलेल्या मालमत्तेच्या वारशालाही गोव्याचाच कायदा लागू होतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवलं. त्यामुळे पणजीचा माणूस पुण्यात फ्लॅट घेत असेल तर गोव्यातल्या वकिलालाही विचारून घ्यावं.

अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारक (परदेशी नागरिकत्व असलेले, पण भारताशी नातं म्हणून हे कार्ड मिळालेले) इथे घर घेऊ शकतात. शेतजमीन आणि फार्महाऊस नाही. त्यांचा जोडीदार परदेशी नागरिक असेल आणि त्याच्याकडे ओसीआय नसेल, तर दोघांच्या नावावर एकच स्थावर मालमत्ता घेता येते आणि त्यासाठी लग्न नोंदवलेलं व सलग दोन वर्षं टिकलेलं लागतं. नोंदणीला एकाला यायला जमत नसेल तर कुलमुखत्यारपत्र भारतीय वकिलातीतून प्रमाणित करून पाठवा. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्या. आणि ते फक्त या फ्लॅटपुरतं, सदनिका क्रमांकासह, मुदत घालून द्या. सरसकट अधिकार देणारं कुलमुखत्यारपत्र नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नावानेही देऊ नका.